कायपिंगच्या खेड्यांतील मनोरे

महाराष्ट्रांतील श्रोत्याला गांवची गढी ही कांहीं नवलाची वस्तु नव्हे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्याकोपऱ्याला बुरूज, दिंडी असलेला एकच भक्कम दरवाजा आणि आंत देशमुखाचा किंवा पाटलाचा वाडा, असें तिचें रूप पुष्कळ गांवीं पाहावयास मिळतें. गढी कोणाची असें विचारलें, कीं एका घराण्याचें नांव पुढें येतें. गांवाचें रक्षण हें तिचें काम खरें. परंतु गांवावर अंमल बसविणें हेंही तिचेंच काम होतें. चीनच्या दक्षिणेस क्वांगतुंग प्रांतांतील कायपिंग नांवाच्या टापूंत रक्षणाच्या याच गरजेंतून, पण अगदीं निराळ्या परिस्थितींत, एक वास्तुप्रकार जन्मास आला. तो गढीसारखा पसरट नाहीं. तो उंच मनोरा आहे. त्याच्या पाठीशीं वतन नाहीं, सनद नाहीं, सरकारी खजिनाही नाहीं. त्याचा पैसा लोकांचे कपडे धुणाऱ्या, खाणी खणणाऱ्या आणि लोहमार्गाचे रूळ टाकणाऱ्या माणसांनीं समुद्रापलीकडून पाठविला. या मनोऱ्यांना चिनी भाषेंत ‘डियाओलौ’ म्हणतात. ऐन भरभराटीच्या काळांत त्यांची संख्या तीन हजारांवर होती असें सांगतात. त्यांपैकीं १८३३ आज मोजून नोंदलेले आहेत.

कायपिंग हा कँटन शहराच्या नैर्ऋत्येस, तान नदीच्या खोऱ्यांत पसरलेला सखल मुलूख आहे. भातशेतें, तळीं, वेळूचीं बनें आणि मधूनमधून टेकड्या, अशी त्याची ठेवण. पावसाळ्यांत समुद्रावरून येणारीं तुफानें आणि त्यांच्या मागोमाग चढणारें नदीचें पाणी हा तेथील शेतकऱ्याचा पिढीजाद शत्रु. दुसरा शत्रु माणूस. १६४९ सालीं कायपिंग हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. तत्पूर्वीं चार जिल्ह्यांच्या सीमा तेथें एकमेकींस भिडत होत्या. चौघांच्या बांधावरचें झाड जसें कोणीच राखीत नाहीं, तशी त्या मुलखाची अवस्था होती. एका हद्दींत दरोडा घालावा आणि दुसऱ्या हद्दींत पसार व्हावें, हें लुटारूंना फार सोपें होतें. नव्या जिल्ह्याच्या नांवांत शांतीचा अर्थ गोंविला गेला. परंतु नांवाप्रमाणें स्थिति येण्यास पुढें तीनशें वर्षें लागलीं.

या दोन्ही शत्रूंची आठवण ठेवून बांधलेला, आज उभ्या असलेल्यांपैकीं सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा मनोरा सान्मेनली या गांवीं आहे. त्याचें नांव यिंगलुंग-लौ. मिंग घराण्यांतील चियाचिंग बादशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे १५२२ ते १५६६ च्या दरम्यान, ग्वान कुळांतील लोकांनीं तो बांधला. महाराष्ट्रांत त्या वेळीं निजामशाही आणि आदिलशाही नांदत होत्या. या मनोऱ्यांत शोभेचा लवलेश नाहीं. मोठमोठ्या तांबड्या विटांच्या, जवळजवळ दोन हात जाडीच्या भिंती, झरोक्याएवढ्या खिडक्या आणि तीन मजले. उंची अवघी ११ मीटरांच्या आसपास. तिसरा मजला पुढें १९२० च्या सुमारास राखी विटांत नव्यानें बांधला गेला. दिसावयास ही एक थोराड कोठीच. पण १८८४ सालीं तान नदीला महापूर आला, तेव्हां गांवकरी या मनोऱ्यावर चढले आणि त्यांचे प्राण वांचले. १९०८ च्या पुरांतही तेंच घडलें. पुढच्या शेंकडों मनोऱ्यांचा हा मूळपुरुष म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र हा मूळपुरुष आणि त्याचा वंशविस्तार यांच्यामध्यें साडेतीनशें वर्षांचें अंतर आहे. मनोरा बांधावयास पैसा लागतो, आणि भाताच्या खाचरांवर पोट भरणाऱ्या गांवापाशीं तो नव्हता. पैसा आला तो दुर्दैवाच्या वाटेनें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या प्रांताची घडी पार विसकटली. १८५५ पासून १८६७ पर्यंत मूळचे रहिवासी आणि मागाहून येऊन वसलेले हाक्का लोक यांच्यांत यादवी माजली; तींत गांवेंच्या गांवें बेचिराख झालीं. त्याच सुमारास समुद्रापलीकडे कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याची वार्ता आली. हाँगकाँगचें बंदर जवळ होतें, आणि घरीं राहून मरण्यापेक्षां परदेशीं जाऊन नशीब पाहावें, असा विचार हजारों तरुणांनीं केला. त्या देशाला ते ‘सोन्याचा डोंगर’ म्हणूं लागले. सोनें फार थोड्यांच्या हातीं लागलें. १८६३ ते १८६९ या काळांत अमेरिकेच्या पश्चिम भागांतून डोंगर फोडून जो लोहमार्ग पूर्वेकडे नेण्यांत आला, त्यावर हे लोक राबले. तें काम संपल्यावर कोणी धोबीखाना घातला, कोणी खानावळ काढली, कोणी भाजीपाला पिकविला.

त्यांना त्या देशांत राहूं देण्यास मात्र तेथील लोक राजी नव्हते. १८८२ सालीं अमेरिकेनें कायदा करून चिनी मजुरांना आपल्या देशाचीं दारें बंद केलीं. कानडानें १८८५ मध्यें चिनी माणसावर डोईपट्टी बसविली आणि १९२३ मध्यें त्यांचा प्रवेश जवळजवळ थांबविला. जे आधींच तेथें होते त्यांना बायकामुलें नेणें दुरापास्त झालें. त्यामुळें कायपिंगच्या घराघरांतून एक विलक्षण संसार सुरू झाला. कर्ता पुरुष सॅन फ्रॅन्सिस्कोस किंवा व्हँकुव्हरला, आणि त्याची बायको, आईबाप व मुलें खेड्यांत. पांचदहा वर्षांनीं एकदां तो घरीं यावयाचा, कांहीं महिने राहावयाचा आणि पुन्हां बोटीवर चढावयाचा. त्यांचें नातें टिकून होतें तें पत्रांवर. त्या पत्रांबरोबर पैसेही येत, म्हणून त्यांना ‘रुप्याचीं पत्रें’ असें नांव पडलें. परदेशस्थ चिनी लोकांच्या अशा पत्रांचा संग्रह युनेस्कोनें २०१३ सालीं जागतिक स्मृतिठेव्यांत समाविष्ट केला आहे. शेत घ्यावें, घर बांधावें, मुलाचें लग्न करावें, हे प्रत्येकाचे संकल्प या पत्रांवाटे तडीस जात.

परंतु ज्या पैशानें घर उभें राहिलें, त्याच पैशानें घरावर संकट ओढवलें. कोणाच्या घरीं परदेशाहून रक्कम येते हें सर्वांस ठाऊक होतें, आणि त्या घरांत धडधाकट पुरुष नाहीं हेंही सर्वांस ठाऊक होतें. १९११ च्या क्रांतीनंतर बादशाही कोसळली, प्रांतोप्रांतीं लष्करी सरदारांची बेबंदशाही सुरू झाली आणि लुटारूंच्या टोळ्यांना मोकळें रान मिळालें. १९१२ ते १९३० या काळांत कायपिंगमध्यें मोठे म्हणावेत असे सुमारें ७० दरोडे पडले. शंभरावर माणसें मारलीं गेलीं, दोनशेंवर गुरें पळविण्यांत आलीं. माणसें धरून नेऊन खंडणी मागणें हा तर धंदाच झाला. शाळाही सुटल्या नाहींत, कारण परदेशांतील बाप मुलासाठीं वाटेल ती रक्कम देईल हा लुटारूंचा हिशेब होता. जिल्ह्याचें ठाणें त्यांनीं तीन वेळां काबीज केलें. एकदां खुद्द जिल्हाधिकाऱ्यासच पळवून नेलें. जेथें सरकारला स्वतःचें रक्षण करतां येईना, तेथें गांवानें आपली तजवीज आपणच करणें क्रमप्राप्त झालें.

१९२२ च्या डिसेंबरांत घडलेल्या एका प्रसंगानें या विचाराला जोर चढला. छीकान या बाजारपेठेच्या गांवीं असलेल्या शाळेवर रात्रीं टोळी चालून आली आणि मुख्याध्यापकांना व विद्यार्थ्यांना धरून घेऊन निघाली. वाटेंत हुंगयी नांवाच्या मनोऱ्यावरील पहारेकऱ्यांनीं प्रकाशझोत टाकला. त्या उजेडांत टोळी दिसली, आणि आसपासच्या गांवच्या रखवालदारांनीं तिला अडवून मुख्याध्यापकांची व विद्यार्थ्यांची सुटका केली. ही हकीकत पत्रांतून परदेशीं पोंचली. मनोऱ्याचा उपयोग काय, हें यानंतर कोणास समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं. आज उभे असलेले बहुसंख्य मनोरे १९०० ते १९३१ या अवघ्या तीस वर्षांतले आहेत.

हे मनोरे तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार सार्वजनिक मनोऱ्याचा. गांवांतील कांहीं कुटुंबें वर्गणी जमवीत आणि गांवाच्या पिछाडीस, वेळूच्या बनाला लागून तो उभारीत. आंत प्रत्येक वर्गणीदाराला एकेक खोली मिळे. तेथें थाटमाट नसे; घंटा वाजली कीं बायकामुलांनीं आंत शिरावें आणि रात्र काढावी, एवढाच हेतु. दुसरा प्रकार खाजगी निवासाचा. हा एखाद्या सधन कुटुंबाचा असे आणि आंत स्वयंपाकघर, निजावयाच्या खोल्या, पाण्याची सोय अशी सर्व व्यवस्था असे. निम्म्याहून अधिक मनोरे या वर्गांतले आहेत. तिसरा प्रकार पहाऱ्याच्या मनोऱ्याचा. तो गांवाच्या वेशीपाशीं, टेकडीवर किंवा नदीकांठीं असे. फांग कुळांतील लोकांनीं १९२० सालीं बांधलेला दीपमनोरा या प्रकाराचा उत्तम नमुना होय. पांच मजल्यांच्या व १८ मीटरांहून उंच अशा या मनोऱ्यावर वीज निर्माण करण्याचें यंत्र, प्रकाशझोत आणि बंदुका ठेवलेल्या होत्या. ज्या खेड्यांतून घरांत तेलाचे दिवे जळत होते, तेथें वीज आली ती प्रथम चोर पाहण्यासाठीं.

बांधकामाच्या साहित्यावरून या मुलखाच्या सांपत्तिक स्थितीचा इतिहास वाचतां येतो. नोंदलेल्या १८३३ मनोऱ्यांपैकीं दगडी फक्त १० आहेत. ते डोंगराळ भागांत आढळतात. चोपून घट्ट केलेल्या मातीचे १०० आहेत. चिकणमाती, वाळू व चुना यांत तांबडी साखर आणि चिकट जातीच्या तांदुळाची पेज कालवून, तें मिश्रण फळ्यांच्या सांच्यांत थराथरानें चोपीत. चुन्यांत गूळ व बेलफळ घालणाऱ्या महाराष्ट्रांतील जुन्या गवंड्याला ही कृति मुळींच परकी वाटली नसती. विटांचे मनोरे २४९ आहेत. बाकीचे १४७४ काँक्रीटचे. सिमेंट हाँगकाँगमार्गे परदेशाहून येई आणि फार महाग पडे. गोऱ्या लोकांना तेथें ‘लाल केसांचे’ म्हणत. त्यावरून या नव्या वस्तूला ‘लाल केसवाल्यांची माती’ असें नांव मिळालें. लोखंडी सळ्या, पोलादी पत्र्याचीं दारें आणि खिडक्याही त्याच वाटेनें आल्या. अशा रीतीनें लोखंड घातलेलें काँक्रीट हें त्या काळचें अगदीं नवें तंत्र मोठ्या शहरांची वाट न पाहतां भातशेतीच्या मुलखांत येऊन पोंचलें.

मनोऱ्याची रचना पाहूं लागलें म्हणजे तींत संरक्षणाची दृष्टि पदोपदीं दिसते. तळाशीं दार एकच, अरुंद आणि लोखंडी. खालच्या मजल्यांवरील खिडक्या लहान. त्यांना गज आणि आंतून लावावयाचीं पोलादी झांकणें, म्हणजे आग लावली तरी आंत शिरकाव होऊं नये. भिंती सरळ चढत जातात, आणि वरच्या मजल्याशीं कोपऱ्यांतून छोटे बुरूज बाहेर डोकावतात. त्यांना तेथील लोक ‘पाकोळीचीं घरटीं’ म्हणतात. त्यांच्या भिंतींत आणि तळांतही जंग्या ठेवलेल्या असतात. समोरचा शत्रु भिंतींतील जंगींतून दिसतो. भिंतीला चिकटून दाराशीं आलेला शत्रु तळांतील जंगींतून. रायगडाच्या किंवा प्रतापगडाच्या तटावर उभें राहून खालीं तिरक्या जाणाऱ्या जंग्या ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांना ही युक्ति तत्काळ ध्यानांत येईल. वरच्या मजल्यावर बंदुकांबरोबर दगडधोंडेही रचून ठेवीत आणि इशाऱ्यासाठीं घंटा टांगीत. एका मनोऱ्यावरील घंटा वाजली कीं दुसऱ्या गांवचा मनोरा जागा होई.

खालचें अंग असें रूक्ष असलें तरी माथ्यावर मात्र मालकाची हौस उतूं जाते. रोमन कमानी, ग्रीक धर्तीचे खांब, बिझंटाइन पद्धतीचे घुमट आणि त्यांच्या जोडीला चिनी छपराची वळलेली कड, हें सर्व कधीं कधीं एकाच मनोऱ्याच्या डोक्यावर सुखानें नांदतें. परदेशांत पाहिलेल्या इमारती मालकाच्या डोळ्यांपुढें असत. तो चित्रें आणि पोस्टकार्डें धाडी आणि गांवचे गवंडी त्यांवरून आपल्या हिशेबानें घडवीत. वास्तुशास्त्राच्या काटेकोर पंडिताला यांत गोंधळ दिसेल. पण त्यामागील भावना समजण्यास अवघड नाहीं. ज्या शहरांत आपल्याला घरमालक खोली देत नाहीं, त्या शहरांतली कमान आपल्या गांवीं आपल्या मालकीच्या भिंतीवर चढवावी, यांत केवढें समाधान असेल! आणि आंत शिरलें म्हणजे पुन्हां सर्व चिनीच: मध्यें दिवाणखाना, दोहों बाजूंस खोल्या आणि पूर्वजांच्या पूजेची जागा.

या हौसेचा कळस पाहावयाचा तर जिनजियांगली गांवचा रुइशी-लौ पाहावा. हाँगकाँगांत औषधांचें दुकान व पेढी चालविणाऱ्या हुआंग नांवाच्या गृहस्थानें तो १९२३ सालीं बांधावयास घेतला. काम १९२५ मध्यें पुरें झालें. नऊ मजले आणि सुमारें २५ मीटर उंची, म्हणून कायपिंगमधील मनोऱ्यांत त्याला अग्रस्थान देतात. पांचव्या मजल्यापर्यंत भिंती साध्या चढतात. प्रत्येक मजल्यावर खिडक्यांची नक्षी मात्र निराळी. सहाव्या मजल्यावर खांबांची आणि कमानींची ओवरी आहे. सातव्यावर गच्ची असून तिच्या चार कोपऱ्यांस घुमटाकृति छत्र्या आहेत. त्याच्यावर आणखी दोन मजले निमुळते होत जातात आणि शेवटीं एका लहानशा घुमटांत सर्व रचना संपते. त्याच्या पायथ्याशीं एकसारख्या उंचीचीं, राखी विटांचीं, कौलारू घरें ओळीनें बसलेलीं आहेत. त्या घरांच्या छपरांवरून नजर एकदम या मनोऱ्याकडे उडते.

मनोऱ्यांनीं लुटारूंना पायबंद घातला. परंतु ज्या पैशाच्या आधारावर ते उभे होते, तो आधार लौकरच डळमळला. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि परदेशाहून येणाऱ्या रकमा घटल्या. १९३७ मध्यें जपाननें चीनवर उघड युद्ध लादलें. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकांतून चीनला गेले, तें पथक १९३८ च्या सप्टेंबरांत याच प्रांतांतील कँटन शहरीं पोंचलें होतें. पुढच्याच महिन्यांत तें शहर जपानी फौजेच्या हातीं पडलें. १९४१ च्या डिसेंबरांत हाँगकाँगही पडलें, आणि रुप्याचीं पत्रें येण्याची मुख्य वाटच बंद झाली. १९४३ सालीं प्रांतांत भीषण दुष्काळ पडला. पोलादी खिडक्यांच्या आंत ज्या बायकामुलांना दरोडेखोरांची भीति उरली नव्हती, त्यांच्या घरीं तांदूळ नव्हता. भिंत कितीही जाड असली तरी तिला भूक अडवितां येत नाहीं.

युद्धाच्या अखेरच्या दिवसांत एका मनोऱ्यानें मात्र आपलें नांव अजरामर केलें. छीकानजवळ तान नदीच्या कांठीं नानलौ, म्हणजे दक्षिण मनोरा, आहे. सितू कुळानें तो १९१२ च्या सुमारास बांधला. सात मजल्यांचा, काँक्रीटचा. नदीची वाट आणि जमिनीवरची वाट या दोन्हींवर त्याची नजर. १९४५ च्या जुलैंत माघार घेणाऱ्या जपानी सैन्याला ही वाट हवी होती. सितू कुळांतील सात जवानांनीं मनोऱ्यांत राहून ती कित्येक दिवस अडवून धरली. तोफांनीं भिंत फुटेना, तेव्हां शत्रूनें विषारी वायूचे गोळे टाकले. बेशुद्ध पडलेल्या सातही जणांना पकडून छीकानला नेण्यांत आलें आणि तेथें हालहाल करून ठार मारण्यांत आलें. त्यानंतर महिनाभरांतच जपाननें शरणागति पत्करली. मनोऱ्याच्या भिंतींवर गोळ्यांचे वण आजही आहेत.

१९४९ नंतर लुटारूंचा बंदोबस्त झाला आणि मनोऱ्यांचें मूळ प्रयोजन संपलें. अमेरिकेनें चिनी लोकांवरील बंदी १९४३ सालीं उठविली होती, कानडानें १९४७ सालीं. १९६५ मध्यें अमेरिकेचा प्रवेशाचा कायदा आणखी सैल झाला. ज्या कुटुंबांना पन्नास-साठ वर्षें ताटातुटींत राहावें लागलें, त्यांना एकत्र राहण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि तीं मनोऱ्यांना कुलपें लावून निघून गेलीं. कित्येक ठिकाणीं लाकडी पलंग, मोठीं घड्याळें, परदेशी बरण्या आणि भिंतीवरचीं कुटुंबाचीं छायाचित्रें जशींच्या तशीं मागें राहिलीं. २००१ सालीं चीन सरकारनें या मनोऱ्यांना राष्ट्रीय संरक्षण दिलें. २००७ मध्यें युनेस्कोनें सान्मेनली, झिली, जिनजियांगली व माजियांगलुंग येथील मनोऱ्यांचा, त्यांच्या गांवांसह, जागतिक वारशांत समावेश केला. झिलीसारख्या ठिकाणीं परदेशस्थ मालकांनीं मालकी आपल्याकडे ठेवून मनोरे स्थानिक सरकारच्या देखरेखीखालीं दिले आहेत.

महाराष्ट्रांतील गढी ओस पडली म्हणजे पावसानें तिचे बुरूज खचतात, गांवकरी तिची पांढरी माती धाब्यावर घालावयास नेतात, आणि एक दिवस तेथें नुसतें टेकाड उरतें. कायपिंगचे मनोरे तसे मातीस मिळाले नाहींत. परक्या देशाच्या सिमेंटनें ते उभे राखले आहेत. त्यांच्याविषयीं विचार करतांना उंचीचे आणि घुमटांचे आंकडे लौकर विसरले जातात. लक्षांत राहते ती एवढीच गोष्ट, कीं ज्यांनीं पैन्‌पै सांठवून हे मनोरे उभारले, त्यांतले पुष्कळ जण त्यांत फार थोड्या रात्री निजले. आपण दूर असतां आपल्या माणसांना रात्रीं निर्धास्त झोंप लागावी, एवढ्यासाठीं त्यांनीं हा खर्च केला होता. आतां त्यांचे नातू-पणतू सुटीच्या दिवसांत समुद्र ओलांडून येतात, लोखंडी दार उघडतात आणि जिन्यानें वर जाऊन भातशेतांकडे पाहतात. खालीं शेतें तींच आहेत, वेळूचें बनही तेंच आहे. मात्र वर चढून शत्रूची वाट पाहण्याची पाळी आतां कोणावर येत नाहीं.